संगणकास आज्ञा देण्याची विद्या



शाळेच्या वार्षिकांत शिक्षकानें लेख लिहावयाचा म्हणजे त्यानें उपदेशाचे चार शब्द सांगावयाचे, अशी रूढि पडून गेली आहे. आणि मागील कांहीं अंकांतून मींही ती इमानेंइतबारें पाळली आहे. यंदाचा विषय मात्र असा आहे कीं, त्यांत माझी स्वतःची एक चूक कबूल केल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. ती चूक कोणती, हें ओघानें येईलच.

आपल्या शाळेंत गणित व संगणक हे दोन विषय मी गेलीं अठरा वर्षें शिकवीत आहें. पूर्वीं पालकसभेच्या दिवशीं मला विचारीत, "सर, मुलाचें गणित कसें आहे?" २०२० सालापासून हा प्रश्न बदलला. आतां विचारतात, "सर, मुलाला कोडिंग लावूं का?" यांतील 'लावणें' हें क्रियापद मोठें बोलकें आहे. शिकवणी लावतात, दुधाचा रतीब लावतात, डोक्याला तेल लावतात; तसेंच कोडिंगही लावावयाचें. एकदां लावलें म्हणजे पालकाचें कर्तव्य संपलें, पुढें त्याचा गुण आपोआप येईल, असा विश्वास त्या एका शब्दांत भरलेला आहे.

हा विश्वास कोठून आला तें शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. २०२० सालीं नवें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झालें व त्यांत सहावी ते आठवीच्या टप्प्यांत कोडिंगचे उपक्रम असावेत असें म्हटलें गेलें. त्याच वर्षीं साथीमुळें शाळा बंद होत्या, मुलें घरीं होतीं, आणि प्रत्येकाच्या हातीं फोन होता. सहा-सात वर्षांचीं बालकें संगणकाच्या आज्ञावल्या लिहून कोट्यधीश होऊं घातलीं आहेत अशा अर्थाच्या जाहिराती त्या फोनवर रात्रंदिवस येऊं लागल्या. त्यांपैकीं कांहीं जाहिराती मागें घ्या, असें जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेस सांगावें लागलें. परंतु जाहिरात मागें घेतली तरी तिनें पेरलेली भीति मागें घेतां येत नाहीं. आपला मुलगा मागें राहील, ही ती भीति. ती श्रीमंतापेक्षां गरिबाच्या घरांत अधिक खोल रुजते, कारण पुढें जाण्याचें दुसरें दार त्यास दिसत नसतें.

माझें मत मी आरंभींच सांगून टाकतों. मुलांनीं कोडिंग अवश्य शिकावें. परंतु ज्या कारणासाठीं आपण तें 'लावतों', त्या कारणासाठीं नव्हे. हें मत मला कोणत्याही ग्रंथानें दिलेलें नाहीं. तें एका विद्यार्थ्यानें दिलें. तो यंदा दहावींत आहे. त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या संमतीनें ही हकीकत लिहीत आहें. नांव मात्र देऊं नका असें त्यानेंच सांगितल्यामुळें देत नाहीं. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवितात. आई दोन संकरित गाई सांभाळते. धाकटी एक बहीण आहे.

हा मुलगा सहावींत असतांना, २०२२ च्या आरंभीं, शाळा पुन्हां भरूं लागली. दोन वर्षें घरांत कोंडलेलीं तीं मुलें वर्गांत बसणेंच विसरून गेलीं होतीं. त्यांस कशांत तरी गुंतवावें म्हणून मीं 'स्क्रॅच' दाखविलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध करून २००७ सालीं सर्वांस मोफत खुली केलेली ही मुलांची संगणक-भाषा आहे. तींत अक्षरें टंकून आज्ञा लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळे एकाखालीं एक जोडावयाचे असतात. एका ठोकळ्यावर 'दहा पावलें पुढें जा', दुसऱ्यावर 'इतके अंश वळा' असें असतें. ठोकळे जुळले कीं पडद्यावरचें नारिंगी मांजर त्याप्रमाणें चालूं लागतें.

मीं वर्गास चौरस काढावयास सांगितला. या मुलानें नव्वद अंशांच्या जागीं चुकून ऐंशी घातले. चौरस मिटेना. तेव्हां त्यानें आज्ञा पुनःपुन्हां चालवून पाहिली, आणि नऊ वेळां वळल्यावर मांजर निघाल्या ठिकाणीं परत आलें. पडद्यावर नऊ टोकांची चांदणी उमटली. मीं चूक दुरुस्त करावयास सांगितलें तर म्हणाला, "थांबा सर, आतां एकशें चव्वेचाळीस घालून पाहतों." पांच टोकांची चांदणी निघाली. घंटा झाली, दुसरा वर्ग दाराशीं येऊन उभा राहिला, तरी हा उठेना. ऐंशी नव्वे सातशें वीस, आणि सातशें वीस म्हणजे दोन पूर्ण फेरे, हें त्यानें दुसऱ्या दिवशीं येऊन मलाच सांगितलें. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांचा धडा मीं फळ्यावर कितीदां तरी शिकविला आहे. इतक्या आनंदानें तो कोणीं शिकलेला मला आठवत नाहीं.

पुढील वर्षीं वडिलांनीं त्याला एक शिकवणी लावली. ऊसतोडीच्या हंगामांत रात्रीच्या खेपा करून त्यांनीं पैसे जमविले होते. फोनच्या पडद्यावर शिक्षक दिसावयाचे, तयार आज्ञावली दाखवावयाचे, मुलांनीं ती उतरून घ्यावयाची व मथळ्याच्या जागीं आपलें नांव घालावयाचें. बारा पाठ झाले कीं सोनेरी कांठाचें प्रशस्तिपत्र. अशीं तीन प्रशस्तिपत्रें घराच्या भिंतीवर लागलीं. त्या वर्षीं हा मुलगा मधल्या सुटींत संगणकाच्या खोलीकडे फिरकला नाहीं. एकदां मीं विचारलें तेव्हां म्हणाला, "सर, तें क्लासमध्यें झालें आहे." मुलाच्या तोंडीं 'झालें आहे' हे शब्द आले म्हणजे शिक्षकानें सावध व्हावें. मी झालों नाहीं.

याच सुमारास, नोव्हेंबर २०२२ मध्यें, चॅटजीपीटी हें संभाषण करणारें यंत्र लोकांस खुलें झालें, आणि वर्षभरांत तें व त्याच्या जातीचीं इतर यंत्रें आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आलीं. त्यांस मराठींत सांगितलें तरी तीं पायथन भाषेंतील आज्ञावली क्षणांत लिहून देतात. आमच्या या मुलानें त्याचा उपयोग करून जानेवारी २०२४ च्या विज्ञान-प्रदर्शनांत 'दुधाचा हिशेब' मांडला. शहरांतील वाचकांसाठीं येथें थोडें विस्तारानें लिहितों. खेड्यांत सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर नेऊन घालतात. प्रत्येक वेळीं लिटर, फॅट व एस. एन. एफ. छापलेली चिठ्ठी मिळते. आणि दर दहा दिवसांनीं बिल होतें. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट व ८.५ एस. एन. एफ. यांवर बांधलेला असतो. फॅट वर गेली तर दरांत वाढ, खालीं आली तर कपात. फॅटच्या एक दशांशास 'पॉइंट' म्हणतात. वीस चिठ्ठ्यांचा हा हिशेब आई बोटांवर करी. मुलाची आज्ञावली तो पापणी लवते न लवते तोंच करी.

प्रमुख पाहुण्यांनीं त्याची पाठ थोपटली. पहिलें बक्षीस मीं जाहीर केलें, आणि 'स्वतःच्या घरच्या प्रश्नाचें उत्तर स्वतः शोधणारा विद्यार्थी' असे गौरवाचे शब्दही उच्चारले. आतां कबुली देतों. ती आज्ञावली मीं वाचली नव्हती. पहिल्या पानावर नजर टाकतांच मला शंका आली होती. कारण तिच्यांतील टिपा सफाईदार इंग्रजींत होत्या, आणि या मुलाचें इंग्रजी मला ठाऊक होतें. दोन प्रश्न विचारले असते तर सर्व उलगडा झाला असता. परंतु पाहुणे समोर बसलेले, आई ठेवणींतली साडी नेसून पहिल्यांदांच शाळेच्या समारंभास आलेली, आणि तालुक्याच्या प्रदर्शनांत आपल्या शाळेचें नांव होण्याचा योग! मीं शंका गिळली. बक्षिसाचा पेला त्याच्या हातीं देतांना माझ्या मनांत समाधान होतें, हें लिहितांना आज लाज वाटते.

यानंतर सहा महिने सर्व सुरळीत चाललें. केंद्राचें बिल व मुलाचें बिल पैशापर्यंत जुळे. आईनें बोटांवर मोजणें सोडून दिलें. मग पाऊस पडला. बांधावर कोवळें गवत आलें, गाई ओल्या चाऱ्यावर गेल्या, आणि नेहमींप्रमाणें दुधांतील फॅट उतरली. उन्हाळ्यांत ३.६, ३.७ लागणारी फॅट ३.२ वर आली. ऑगस्टमधील दहा दिवसांत एकशें वीस लिटर दूध गेलें होतें. केंद्राचें बिल मुलाच्या हिशेबापेक्षां १०८ रुपयांनीं कमी आलें.

आईनें आणखी एकदां चिठ्ठ्या मोजावयास सांगितल्या. उत्तर तेंच आलें. संगणक दोनदां तेंच सांगतो म्हणजे तें खरें, असें दोघांनाही वाटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रांगेंत पंधरा-वीस माणसें उभीं असतां ती माउली केंद्रचालकांस म्हणाली, "भाऊ, माझ्या पोरानं कॉम्प्युटरवर काढलंय. तुम्ही आमचे एकशें आठ रुपये खाल्ले."

केंद्रचालक वयस्क गृहस्थ. ते रागावले नाहींत. खिळ्याला लटकविलेला दराचा तक्ता त्यांनीं काढला व मोठ्यानें वाचला. साडेतीनच्या खालीं प्रत्येक पॉइंटला लिटरमागें तीस पैसे कपात. तीन पॉइंटांचे नव्वद पैसे. एकशें वीस लिटरांचे एकशें आठ रुपये. "वहिनी, हा हिशेब तोंडी होतो," ते म्हणाले. रांगेंतील कोणीतरी हसलें. त्या रात्रीं आईनें मुलास ताट वाढलें, पण एक शब्द बोलली नाहीं.

चूक काय झाली होती? ती आज्ञावली पुढें मुलानें व मीं मिळून वाचली. फॅट ३.५ हून अधिक असेल तर वाढ द्यावी, एवढी आज्ञा तींत होती. कमी असेल तर काय करावें, याविषयीं तींत अक्षर नव्हतें. हिवाळ्यांत मुलानें यंत्रास प्रश्न सांगितला, तेव्हां त्याच्या गाईंची फॅट साडेतीनच्या वरच होती, कपात त्यानें कधीं पाहिलीच नव्हती. म्हणून त्यानें ती सांगितली नाहीं, आणि यंत्रानें विचारली नाहीं. आज्ञावली सहा महिने बरोबर चालली याचें कारण ती बरोबर होती हें नव्हे. गाईंनीं तिला अडचणींत आणलें नव्हतें, इतकेंच. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तीन बिलें जुळलीं म्हणून चौथें जुळेल असें मानणें म्हणजे तीन दिवस ओढ्याला पाणी नव्हतें म्हणून चौथ्या दिवशीं पात्रांत निजण्यासारखें आहे.

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे आला. बराच वेळ दप्तराचा बंद चाळवीत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, बक्षिसाचा तो प्रोग्रॅम मीं लिहिला नव्हता."

"मला माहीत होतें," मी म्हणालों.

त्यानें एकदम वर पाहिलें. "मग तुम्हीं बक्षीस कां दिलें?"

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं. मीं त्याची क्षमा मागितली. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागणें आपल्याकडे रूढ नाहीं, आणि त्यालाही तें इतकें अवघड झालें कीं, तो "नाहीं सर, नाहीं सर" करीत दाराकडे सरकूं लागला. त्याला थांबवून मीं म्हटलें, "आतां तूं स्वतः लिही. पण संगणकाला हात लावण्यापूर्वीं दराचा तक्ता उतरवून आण."

तक्ता कोठून आणावयाचा? ज्या केंद्रावर आईचें हंसें झालें, तेथूनच. दोन दिवस तो गेला नाहीं. तिसऱ्या दिवशीं गेला. "काका, चुकलें माझें. तक्ता उतरवून घेऊं का?" असें म्हणाल्यावर त्या गृहस्थांनीं बसावयास स्टूल दिलें, आणि एस. एन. एफ. ची कपात कशी लागते तेंही समजावून दिलें. ती तर आमच्या त्या बक्षीसपात्र आज्ञावलींत मुळींच नव्हती!

पुढील तीन आठवडे तो रोज शाळा सुटल्यावर तासभर बसे. या तीन आठवड्यांत जें घडलें, तें मला मागील दोन वर्षांच्या सर्व प्रशस्तिपत्रांहून मोलाचें वाटतें. म्हणून तें थोडें सविस्तर सांगतों. प्रथम त्यानें सकाळचे सहा लिटर व सायंकाळचे सहा लिटर यांची बेरीज केली, तर संगणकानें ६६ असें उत्तर दिलें. पायथनमध्यें विचारून घेतलेली प्रत्येक गोष्ट ही अक्षरें समजली जाते. ती संख्या आहे असें वेगळें सांगावें लागतें. न सांगितल्यास सहा व सहा शेजारीं मांडले जातात. मुलगा खो-खो हंसत सुटला. म्हणाला, "सर, गाई एवढं दूध देऊं लागल्या तर बाबा ट्रॅक्टर सोडून देतील." नंतर एकूण बिल नेहमीं कमी येऊं लागलें. दोन दिवस शोधल्यावर त्याला आढळलें कीं, एक ते दहा असें सांगितलें असतां पायथन नवापर्यंतच मोजते, शेवटचा आंकडा धरीत नाहीं. दहाव्या दिवसाचें दूध कोणाच्याच हिशेबांत येत नव्हतें. मग पैशांचे अपूर्णांक नडले. एक दशांश व दोन दशांश मिळवले तर संगणक नेमकें तीन दशांश म्हणत नाहीं, शेवटीं दूरवर एक चार चिकटवितो. आपणांस जसें एक-तृतीयांश दशांश चिन्हांत पुरतें लिहितां येत नाहीं, तसें त्यास त्याच्या द्विमान पद्धतींत एक-दशांश पुरतें लिहितां येत नाहीं. तेव्हां सर्व हिशेब रुपयांऐवजीं पैशांत, पूर्णांकांत करावा, हा तोडगा त्यानें स्वतः काढला. माझ्या आज्याच्या वेळचे वाणी रुपये, आणे, पै असाच हिशेब करीत, हें मीं त्याला सांगितलें; त्याला त्याचें कांहीं विशेष वाटलें नाहीं.

अखेरची आज्ञावली चाळीस ओळींची झाली. बक्षिसाच्या आज्ञावलीपेक्षां ती ओबडधोबड आहे, तींत रंग नाहींत, चित्रें नाहींत. परंतु तिची प्रत्येक ओळ तो झोपेंतून उठवला तरी समजावून सांगेल. आणि एक गोष्ट त्यानें न सांगतां केली. खरीं बिलें जुळल्यावर त्यानें मुद्दाम वाईट दुधाचें एक खोटें बिल तयार केलें, २.९ फॅट, एस. एन. एफ. ही कमी, आणि तें हातानें सोडवून मग संगणकाशीं ताडून पाहिलें.

सेमूर पॅपर्ट नांवाच्या गणितज्ञानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६७ सालीं मुलांसाठीं 'लोगो' ही संगणक-भाषा तयार केली. 'स्क्रॅच'ला तिचीच धाकटी बहीण म्हणतां येईल. शाळेंत मुलाचें उत्तर एक तर बरोबर असतें नाहीं तर चूक. आज्ञावली लिहितांना मात्र प्रश्न असा असतो कीं, ही कोठें अडली आहे व ती कशी सुधारतां येईल. हा फरक पॅपर्ट यांनीं वारंवार दाखवून दिला. आज्ञावलींतील चुकीला इंग्रजींत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. यंत्रांतील दोषांस हा शब्द एडिसनच्या काळापासून लावीत. परंतु १९४७ सालीं हार्वर्ड येथील मार्क-दोन या संगणकाच्या एका भागांत खरोखरच एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला. ती वही वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे. चूक झांकण्याऐवजीं ती तारीखवार वहींत चिकटवून ठेवणारीं हीं माणसें मला फार आवडतात. आमच्या परीक्षेच्या वह्यांतून मात्र खोडरबरानें कागद फाटेपर्यंत चूक पुसलेली असते.

आतां एक आक्षेप. तो एका सुशिक्षित पालकांनींच घेतला, व तो पोकळ नाहीं. "यंत्रच आज्ञावली लिहून देतें, आणि तें दिवसेंदिवस सुधारतें आहे; मग मुलांनीं डोकें कशास शिणवावें? ज्यांचा हा धंदा आहे तेही यंत्राकडून लिहून घेतात." खरें आहे. त्या यंत्रास आज तोच प्रश्न दिला तर कपातीचें काय, असें तें कदाचित् विचारीलही. परंतु केंद्रावरच्या रांगेंत यंत्र उभें नव्हतें. आई उभी होती. उत्तर यंत्रानें दिलें, आणि शब्द गेला तो त्या बाईचा.

आपल्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे निरक्षर होते. कचेरीसमोर झाडाखालीं अर्ज लिहून देणारा बसे. त्याला दोन आणे द्यावे, तो सुंदर अक्षरांत लिहून देई, आणि आपण अंगठा उठवावा. सावकाराच्या वहींतही तसाच अंगठा. अर्ज लिहिणारा पुष्कळदां प्रामाणिकच असे, आपल्यापेक्षां भाषा त्याला चांगली येई, हेंही खरें. तरी त्या आजे-पणजांनीं उपाशी राहून मुलें शाळेंत घातलीं. कां घातलीं? तीं सर्व मुलें लेखक व्हावींत म्हणून नव्हे. आपल्या नांवापुढें काय लिहिलें आहे तें आपल्या घरांत एकाला तरी वाचतां यावें म्हणून. कोडिंग शिकण्याचें माझ्या मतें आज हेंच कारण आहे. नोकरी मिळेल कीं नाहीं, दहा वर्षांनीं या धंद्याचें काय होईल, हें मी कोणत्या तोंडानें सांगूं? परंतु आपलें बिल, आपलें कर्ज, आपल्या मुलाची प्रवेशयादी या गोष्टी अशाच आज्ञावल्यांतून निघत आहेत. त्यांत 'कमी असेल तर' ही ओळ आहे कीं नाहीं, हें विचारण्याइतकी तरी जाण प्रत्येकास हवी.

मराठी माध्यमाच्या मुलांस हें इंग्रजीमुळें जमणार नाहीं, अशी एक समजूत आहे. पायथनमध्यें राखीव इंग्रजी शब्द ३५ आहेत. तेवढे आठवड्यांत पाठ होतात. बाकी नांवें आपण देऊं तीं. या मुलाच्या आज्ञावलींत 'दूध', 'दर', 'कपात' अशींच देवनागरी नांवें आहेत, व तीं चालतात. गंमत अशी कीं, विचारलेला आंकडा मराठी अंकांत टंकला तरी पायथन तो ओळखते. आज्ञेच्या ओळींतच मराठी अंक लिहिला तर मात्र अडून बसते.

गेल्या जूनपासून आम्हीं शाळेंत एक बदल केला आहे. संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण आतां तोंडी परीक्षेस आहेत. विद्यार्थ्यानें आपली आज्ञावली ओळीओळीनें समजावून सांगावयाची, आणि मी सांगेन तो एक लहानसा फरक माझ्यासमोर करून दाखवावयाचा. यंत्राची मदत घेण्यास मनाई नाहीं. मात्र काय विचारलें व त्यांतील कोणती ओळ बदलली, हें वहींत लिहावयाचें. लाजाळू मुलांवर यानें अन्याय होतो असें एका सहशिक्षकांचें म्हणणें आहे, व त्यांत तथ्य आहे. अशा मुलांनीं मला न सांगतां शेजारच्या मित्रास सांगावें, मी नुसतें ऐकेन, अशी तोड तूर्त काढली आहे. ४६ मुलांना १४ संगणक, त्यांतही दोन नादुरुस्त. तेव्हां परीक्षेस तीन दिवस लागतात. लागोत.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलगा अमुक शिकला असें त्यानें सांगितलें, तर प्रशस्तिपत्र पाहूं नये. "यांत तुझें काय चुकलें होतें, तें मला दाखव," असें म्हणावें. आपणांस संगणक येत नसला तरी चालेल. त्या आईला येत नाहीं, पण आतां ती प्रत्येक बिलाला हें विचारते.

तो मुलगा मोठा झाल्यावर कोडिंग करणार का? मला तसें वाटत नाहीं. हल्लीं त्याचें मन गुरांच्या डॉक्टरकीकडे ओढ घेत आहे. वडिलांना शिकवणीचे पैसे वांयां गेल्याची खंत वाटते, आणि माझ्याशीं त्यांचा याविषयीं दोनदां वादही झाला. केंद्रावर आतां बिलाचा संदेश थेट फोनवर येतो. तरी घरीं त्या चाळीस ओळी चालतातच, आणि आईनेंही बोटांवर मोजणें पुन्हां सुरूं केलें आहे.

गेल्या महिन्यांत वडील पुन्हां आले होते. धाकटी मुलगी यंदा सहावींत आहे. तिला एखादा क्लास लावूं का, असें विचारीत होते. मीं त्यांना संगणकाच्या खोलींत नेलें. मुलगी मांजरासमोर बसली होती. मांजराला तिनें एक हजार पावलें पुढें जाण्याची आज्ञा दिली होती; तें कडेपर्यंत गेलें व तेथें अडलें; शेपटाकडचा थोडा भाग दिसतच राहिला. दहा हजार पावलें घातलीं तरी तसेंच. "सर, हें पूर्ण बाहेर कां जात नाहीं?" असें तिनें विचारलें. मीं तिला अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं. ती रोज मधल्या सुटींत येऊन नवेनवे आंकडे घालून पाहत आहे.